सोसायटीतील सामायिक भाजीबाग : मे २०२३ ते नोव्हेंबर २०२४ या काळातील कामाच्या नोंदी

आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रस्त्यावर, नदीपात्रापासून बरीच उंचावर आहे. इमारत पार्किंग धरून ७२ फूट उंच असून तीत ४४ सदनिका आहेत. त्यांपैकी ११ कुटुंबांनी मिळून भाजीबाग करायचे ठरवले. हिशेबाची वही माझ्याकडे असल्यामुळे नोंदीही मीच ठेवल्या. दुसऱ्या एखाद्या सोसायटीत हेच काम कोणी हाती घेणार असेल, तर आमचे कोणते पैसे आणि किती महिने कशापायी वाया गेले हे त्यांना आधीच कळावे, एवढ्यासाठी त्या येथे देत आहे.

१४ मे २०२३

जागा आज नक्की केली. सुरुवातीला सर्वांचा कल गच्चीकडे होता. परंतु एक चौरस मीटर जागेवर फूटभर जाडीची ओली माती म्हणजे सुमारे ५०० किलो भार होतो, हा हिशेब मांडल्यावर आणि वॉटरप्रूफिंगचे काम दोनच वर्षांपूर्वी झाले आहे याची आठवण सातव्या मजल्यावरच्या काकांनी करून दिल्यावर तो विचार सोडला. पूर्वेकडची पट्टी चांगली होती, पण अग्निशमन दलाची गाडी फिरण्यासाठी ती मोकळी ठेवणे बंधनकारक आहे आणि तिथे वीटही रचता येणार नाही, असे सचिवांनी स्पष्ट सांगितले. उरली ती उत्तरेकडची पट्टी. ६२ फूट लांब, १३ फूट रुंद, इमारतीच्या भिंतीपासून ५ फूट सुटलेली.

गेले चार रविवार मी सकाळी ९, दुपारी १२, ३ आणि संध्याकाळी ५ वाजता खाली उतरून ऊन पाहिले. चारही वेळा पट्टीच्या बहुतेक भागावर स्वच्छ ऊन होते. भाजीला पाच-सहा तास ऊन लागते, आपल्याकडे त्याहून जास्तच आहे, असे मी मोठ्या आत्मविश्वासाने बैठकीत सांगितले. प्रत्येक कुटुंबाने २,००० रुपये द्यायचे आणि पाणी सोसायटीने द्यायचे, असे ठरले. एकूण खर्च २० हजारांच्या आत बसेल असा माझा अंदाज आहे.

२८ मे २०२३

अंदाज पहिल्याच आठवड्यात कोसळला. वरची चार इंच माती निघाली आणि कुदळ खणखणू लागली. खाली बांधकामाच्या वेळचा सगळा राडारोडा पुरलेला होता: फरशांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, प्लॅस्टरच्या खपल्या, एक आख्खी लोखंडी शीग आणि रंगाचे दोन डबे. दोन मजूर तीन दिवस ८०० रुपये रोजाने लावले, त्याचे ४,८०० झाले. राडारोडा नेणाऱ्या टेम्पोचे २,२०० झाले. आणि तरीही दीड फुटाच्या खाली हाच प्रकार असल्याचे दिसल्यावर खोदाई थांबवली.

राहिलेल्या मातीचा नमुना तपासून आणला, तर सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) ८.६ निघाला. एवढ्या विम्ल जमिनीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही आणि कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. पट्टीच्या कडेला सोसायटीने लावलेली जास्वंद वर्षानुवर्षे पिवळी का आहे, याचा उलगडा या निमित्ताने झाला. सिमेंट-चुन्याचा एवढा साठा खाली असताना गंधक घालून सामू उतरवण्यात अर्थ नाही. म्हणून या जमिनीत न लावता तिच्यावर विटांचे उंच वाफे बांधायचे ठरले.

बैठकीपूर्वी एक पहार घेऊन दहा ठिकाणी ठोकून पाहिली असती, तर हे सर्व अर्ध्या तासात आणि फुकट कळले असते.

११ जून २०२३

वाफे चार झाले. प्रत्येक १२ फूट लांब, ४ फूट रुंद, सव्वा फूट उंच. रुंदी चार फुटांहून अधिक ठेवू नये. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर वाफ्यात पाय पडतो आणि माती दबते. विटा ८००, त्यांचे ७,२०० रुपये. गवंडी, सिमेंट आणि वाळू मिळून ३,६००. चार वाफ्यांना २४० घनफूट, म्हणजे २.४ ब्रास भरण लागले. त्यात लाल माती दीड ब्रास (६,७५०) आणि शेणखत एक ट्रॉली (३,८००). बाकीची जागा सुक्या पाल्याने भरली.

दोन्ही मालांत आम्ही फसलो, आणि दोष पुरवठादाराइतकाच आमचा आहे, कारण गाडी आली तेव्हा ती रिकामी करून घेण्याच्या घाईत कोणीही माल हातात घेऊन पाहिला नाही. लाल माती म्हणून आलेल्या मालात निम्मा बारीक मुरूम होता. शेणखत वरून काळे असले तरी आतून ओले, गरम आणि वासाचे होते. मुरलेले शेणखत मुठीत दाबले तर भुसभुशीत सुटते आणि त्याला पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास येतो. आमच्या खतात हात घातला तर तो चटकन बाहेर काढावा लागत होता. जास्तीच्या पैशांसाठी प्रत्येक कुटुंबाकडून आणखी १,००० रुपये घेतले.

२ जुलै २०२३

पाऊस यंदा जूनच्या अखेरीस आला. तो आल्यावर भेंडी (परभणी क्रांती), गवार, दोडका (पुसा नसदार) आणि कारले पेरले. मिरचीची आणि वांग्याची रोपे आणून लावली. दोन वाफ्यांत मेथी आणि कोथिंबीर टाकली. मेथी पावसाळ्यात उघड्यावर टाकू नये हे घरातील वडीलधाऱ्यांपैकी दोघींनी सांगितले होते, पण उत्साहाच्या भरात ते कोणी मनावर घेतले नाही.

२३ जुलै २०२३

मेथी सात दिवसांत उगवली आणि पुढच्या पाच दिवसांत जमिनीलगत कोलमडून सडली. कोथिंबीर उगवलीच नाही. धने रगडून दोन फाका न करता आख्खेच टाकले होते, हे नंतर कळले. कच्च्या शेणखताच्या उष्णतेने वांग्याची २० पैकी १३ रोपे जळाली. त्या खताबरोबर हुमणीच्या अळ्याही आल्या होत्या. जाड, पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या. वाफा उकरताना त्या ४० सापडल्या. आणि त्याच खतातून गाजरगवताचे बी आले, ते मात्र सर्वांत जोमाने उगवले. हे तण भारतात प्रथम ठळकपणे नोंदले गेले ते १९५५ साली, आणि तेही पुण्यातच. तेव्हा या बाबतीत आम्ही शहराची परंपरा पाळली, असे म्हणता येईल. ते फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे लागते.

याखेरीज गोगलगायी. दिवसा एकही दिसत नसे आणि सकाळी भेंडीची कोवळी रोपे कापलेली असत. रात्री साडेनऊला विजेरी घेऊन गेलो तेव्हा वाफ्याच्या विटांवर त्यांची रांग लागलेली होती. पहिल्या रात्री १३७ वेचल्या. मिठाच्या पाण्याची बादली सोबत ठेवावी. मीठ वाफ्यात मात्र कधीही टाकू नये. लहान मुलांनी हे काम आवडीने अंगावर घेतले आणि आठवडाभरात संख्या रोज दहा-बारांवर आली. बाजारातील कोणतेही औषध वापरावे लागले नाही.

२० ऑगस्ट २०२३

पहिली तोडणी झाली: भेंडी १ किलो २०० ग्रॅम, गवार अर्धा किलो. ११ घरांत वाटायची कशी, यावर ती तोडायला लागली त्याहून अधिक वेळ गेला.

दोडक्याचा वेल मांडवभर पसरला, फुले भरपूर आली, पण बोटाएवढे झालेले दोडके पिवळे पडून गळत राहिले. पंधरा दिवस आम्ही खत कमी पडते असे समजून शेणाची स्लरी देत होतो. खरे कारण वेगळे होते. दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते. आमची सर्व देखरेख सकाळी चाले, तेव्हा फुले मिटलेली असत, आणि संध्याकाळी त्या बाजूच्या दिव्यांखाली आणि रहदारीत कीटक फारसे फिरकत नसत. आता साडेसहाला जाऊन नर फूल तोडायचे, त्याच्या पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या तोंडावर हलकेच फिरवायचा. मादी फूल ओळखणे सोपे आहे, कारण त्याच्या देठाशी चिमुकला दोडका आधीपासूनच असतो. एका नर फुलाने दोन-तीन मादी फुले होतात. चौथ्या दिवशी तो चिमुकला दोडका हिरवाच राहून लांब झालेला दिसला, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी त्याला सुतळीने खूण बांधली आणि तो कोणीही तोडायचा नाही असे बजावले. कारल्याची फुले सकाळी उमलतात, त्यामुळे तिथे हा उपद्व्याप करावा लागला नाही.

१ ऑक्टोबर २०२३

भेंडी अचानक थांबली. नवीन फूल नाही, पाने पातळ. रोग, पाणी, खत असे सर्व तर्क झाले. आज दुपारी १२ वाजता सहज वर पाहिले आणि संपूर्ण पट्टी सावलीत असल्याचे लक्षात आले.

मी मे महिन्यात ऊन मोजले होते. पुण्यात मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य माध्यान्ही नेमका डोक्यावर येतो आणि या दोन वेळांच्या दरम्यान तो किंचित उत्तरेलाच असतो. म्हणून तेव्हा उत्तरेकडच्या पट्टीला ऊनच ऊन मिळते. त्यानंतर तो दक्षिणेकडे सरकतो. २३ सप्टेंबरच्या सुमारास ७२ फूट उंच इमारतीची माध्यान्हीची सावली २४ फूट पडते, आणि डिसेंबरच्या अखेरीस ती ६५ फुटांपर्यंत जाते. आमची पट्टी भिंतीपासून १८ फुटांत संपते. म्हणजे आजपासून मार्च उलटेपर्यंत या वाफ्यांवर थेट ऊन जवळजवळ पडणारच नाही, आणि पालेभाज्यांचा खरा हंगाम नेमका हाच आहे.

हे शाळेत शिकलेले आहे. चार रविवार उतरून ऊन मोजणाऱ्या बाईला ते आठवू नये, याबद्दल बैठकीत कोणी काही बोलले नाही, हे त्यांचे सौजन्य.

२६ नोव्हेंबर २०२३

तरीही दसऱ्याला दोन वाफ्यांत पालक (ऑल ग्रीन) आणि मुळा पेरून पाहिला, कारण पालक थोड्या सावलीत येतो असे सर्वजण म्हणतात. थोड्या सावलीत येत असेल. पूर्ण सावलीत तो उंच, फिकट आणि लुळा होतो. महिन्यात पाने तळहाताच्या निम्मी झाली. मुळ्याला पाला आला, खाली मुळा धरलाच नाही. या हंगामाची एकूण तोडणी ३१ किलो, त्यातली २२ किलो भेंडी. खर्च, बियाणे आणि अवजारांचे १,६५० धरून, आजवर बरोबर ३०,०००.

१० डिसेंबर २०२३

हिवाळ्यापुरती दुसरी जागा शोधली. दक्षिणेकडे पार्किंगच्या मागे इमारतीची भिंत आहे, तिच्यावर दिवसभर ऊन असते. कुंपणाच्या भिंतीलगत ठेवावे असे काहींचे मत होते, पण ती भिंत पाच फूट उंच आणि दक्षिणेलाच असल्याने तिचीही सावली झाडांवर येते. यावेळी काठी रोवून सावली मोजली, मग बोलले.

२०० लिटरची सात निळी पिंपे प्रत्येकी ७०० रुपयांना घेतली. आत आधी काय होते ते विचारून, खाद्यपदार्थांची तेवढीच घेतली. उभी कापून त्यांच्या १४ पन्हळी झाल्या. तळाला दर सहा इंचांवर भोके, खाली सिमेंटचे ठोकळे. कापणे आणि ठोकळे यांचे १,१००. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत यांचे २,०००. उत्तरेच्या वाफ्यांतली माती उपसून आणली, त्यामुळे मातीचा खर्च नाही. कोकोपीट मात्र तीन वेळा धुऊन घ्यावे. त्यात क्षार असतात, आणि न धुता भरलेल्या पहिल्या दोन पन्हळींत मेथीची टोके करपली.

तळमजल्यावरच्या काकूंनी भिंतीला ओल येईल अशी हरकत घेतली. ती रास्त होती. पन्हळी भिंतीपासून फूटभर पुढे सरकवल्या आणि निथळणारे पाणी पावसाळी गटाराकडे जाईल असा उतार दिला.

७ जानेवारी २०२४

प्रथमच सारे जमून आले. मेथी २८ दिवसांत काढली, पालकाची पहिली कापणी ३५ दिवसांत. पालक मुळासकट न उपटता जमिनीपासून दोन बोटे वर कापला, म्हणजे तो पुन्हा फुटतो. रगडलेल्या धन्यांची कोथिंबीर दाट आली. हरकत घेणाऱ्या काकू आता सकाळी स्वतःच झारीने पाणी घालतात आणि त्याबद्दल बोललेले त्यांना आवडत नाही.

११ फेब्रुवारी २०२४

पानगळ सुरू झाली. आवारातील पर्जन्यवृक्ष आणि पिंपळ मिळून रोज चार पोती पाला पडतो. आजवर तो गाडीत भरून दिला जात होता. चार फूट व्यासाची जाळीची दोन वर्तुळे करून (१,६०० रुपये) त्यात पाला आणि ११ घरांतला ओला कचरा घालू लागलो. तिसऱ्या आठवड्यात दुर्गंधी आणि चिलटे यांची तक्रार समितीकडे गेली. एक बादली ओल्याला एकच बादली पाला पडत होता. तो तीन बादल्या केला, दर रविवारी काट्याने वरखाली केले, आणि आठ दिवसांत वास गेला. शिजवलेले अन्न पूर्ण बंद केले, कारण उंदीर आले होते. कोणीतरी पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचे टाकाऊ पाणी भक्तिभावाने पन्हळींना घालत होते, तेही थांबवले. त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी चालते.

३१ मार्च २०२४

आता वर्षाचे गणित उलटे मांडले. उत्तरेची पट्टी एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतच उन्हात असते; म्हणून पावसाची वाट न पाहता एप्रिलमध्येच रोपे लावायची, मे महिना पाण्यावर काढायचा आणि सप्टेंबरच्या मध्यापूर्वी तोडणी आटोपायची. गेल्या वर्षी आम्ही जुलैत पेरले आणि झाड भरात यायच्या वेळेस ऊन गेले.

त्यासाठी ठिबक केले. तीन फूट उंचीच्या घोडीवर २०० लिटरचे पिंप ठेवून त्याला १६ मिलिमीटरची लॅटरल (वाफ्यावरून फिरणारी बारीक नळी) आणि ताशी चार लिटरचे ड्रिपर जोडले. पहिल्या वाफ्यात थेंब पडले, तिसऱ्यात ओल आली, चौथा कोरडा राहिला. असा ड्रिपर एक किलो दाबावर चालण्यासाठी बनवलेला असतो आणि एक किलो दाबाला दहा मीटर उंचीचे पाणी लागते. आमच्या पिंपाने त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही दाब मिळत नव्हता. मग गच्चीवरच्या टाकीतून जोडणी घेतली. तिचा दाब दोन किलोंच्या वर. रात्री एक जोड सुटला आणि सकाळी पार्किंगमध्ये घोटाभर पाणी होते. शेवटी जाळीची गाळणी बसवली, कॉक अर्धा उघडा राहील अशी त्यावर रंगाने खूण केली आणि सर्व जोडांना पट्ट्या घातल्या. साहित्य ५,३००, दुरुस्ती १,१००. रात्री कोणीही कॉक उघडा ठेवून जायचा नाही, असा नियम केला.

२१ एप्रिल २०२४

ट्रेमध्ये केलेली भेंडी, वांगी, मिरची यांची रोपे लावली. दोडका आणि दुधी यांचे बी थेट टोकले. वरून ५० टक्के सावलीची हिरवी जाळी तीन आठवड्यांसाठी बांधली. ती एका कुटुंबाने दिली. वाफ्यांवर चार इंच पाल्याचे आच्छादन घातले. कुजलेला पाला या वर्षी घरचा होता, त्यामुळे विकतचे खत आणले नाही.

१९ मे २०२४

पाण्याची पाळी मोडली. कागदावर ११ घरांची रोजची पाळी होती. प्रत्यक्षात शाळेच्या सुट्ट्या लागल्यावर सहा कुटुंबे गावी गेली, बोअरचे पाणी उतरल्यामुळे कॉक उघडायची वेळ सकाळी सहाची झाली, आणि ९ ते १२ मे या चार दिवसांत एकदाही पाणी दिले गेले नाही. प्रत्येकाला वाटले दुसऱ्याने दिले असेल. मिरचीची ३० पैकी १९ रोपे गेली. कोणाची चूक हे शोधण्यात एक बैठक गेली, तिचा उपयोग शून्य.

आवारात झाडलोट करणाऱ्या मावशींना महिना १,२०० रुपये देऊन हे काम सोपवले. पाळीचा तक्ता काढून टाकला. पहिल्याच दिवशी मी वाफ्यातले तण उपटून ढिगावर टाकत असताना त्या थबकल्या.

“अहो ताई, हा तांदुळजा आहे. टाकता कशाला?”

मी म्हटले, आपोआप उगवले आहे, कोणी लावलेले नाही.

“मग चांगलंच की. लावलेलं मरतंय तुमचं, हे उगवलेलं तरी खा.”

त्यांनी ढिगातून निवडून तांदुळजा एका बाजूला आणि घोळ दुसऱ्या बाजूला काढली. दोन्ही मिळून दीड किलो भरली. वर्षभर आम्ही दर रविवारी किती किलो भाजी उपटून खतात घालत होतो, याचा हिशेब वहीत नाही.

९ जून २०२४

काल संध्याकाळी शहरात मुसळधार पाऊस झाला, रस्त्यांवर पाणी साचले. आमच्या वाफ्यांना काही झाले नाही. भेंडीला फूल आहे. गेल्या वर्षी या दिवशी आम्ही विटा मोजत होतो.

२८ जुलै २०२४

गुरुवारी, २५ तारखेला, रात्रभराच्या पावसानंतर खडकवासला धरणातून मोठा विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरले. आमच्यातले तरुण दोन दिवस तिकडे होते, त्यामुळे बागेकडे आजच पाहिले.

वाफे उंच असूनही तुडुंब होते. विटांचे सांधे गवंड्याने सिमेंटने पक्के भरले होते, आणि तळाला दबलेला राडारोडा. पाणी जाणार कुठून? वांगी भर पाण्यात माना टाकून उभी होती. पाण्यात उभे असलेले झाड सुकते, ते मुळांना हवा न मिळाल्याने. ते पाहून एका काकांनी त्यांना आणखी पाणी घालायचा सल्ला दिला. ड्रिल यंत्र आणून वाफ्याच्या तळालगत दर दीड फुटावर भोके पाडली (८०० रुपये). पहिल्या भोकातून पिचकारीसारखे पाणी उडाले आणि ते दहा मिनिटे वाहत होते. वांगी नऊ गेली, बाकीची सावरली. बांधताना प्रत्येक चौथा सांधा मोकळा ठेवला असता, तर हे फुकटात झाले असते.

८ सप्टेंबर २०२४

आज ऋषिपंचमी. या दिवशीच्या भाजीत बैलाच्या कष्टावर पिकलेले काही चालत नाही, आणि एरवी त्यासाठी मंडईत चढ्या भावाने जुड्या घ्याव्या लागतात. आमच्या वाफ्यांत बैल कधी शिरलेलाच नाही. दोडका, भेंडी, दुधी, लाल माठ, तांदुळजा आणि पाण्याच्या नळाजवळ आपोआप माजलेला अळू असा सगळा ऐवज पहाटे तोडला आणि ११ घरांत वाटे केले. वाटणीचा प्रश्नही यंदा सुटलेला आहे: तोडलेली भाजी तोलून वहीत लिहायची आणि खाली टोपलीत ठेवायची; ज्याला हवी त्याने न्यावी, दोन दिवसांत कोणी न नेल्यास मावशींनी न्यावी. तंटे गेले.

फळमाशीमुळे कारल्याचे निम्मे पीक गेले. किडकी कारली वाफ्यात पडू न देता रोज उचलून बंद पिशवीत उन्हात ठेवायला हवी होती. आम्ही ती खताच्या वर्तुळात टाकली आणि माशीची पैदास स्वतःच केली.

१० नोव्हेंबर २०२४

उत्तरेचे वाफे सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मोकळे केले आणि त्यांवर पाला पसरून ठेवला. पन्हळी दसऱ्याच्या सुमारास दक्षिणेला मांडल्या. दिवाळीत मेथीची पहिली जुडी निघाली.

वही अशी आहे. १८ महिन्यांचा खर्च ५४,००० रुपये. त्यात मावशींचे सहा महिन्यांचे ७,२००. तोडणी: पहिला पावसाळा ३१ किलो, हिवाळा ४६, उन्हाळा १२, दुसरा पावसाळा ९७, एकूण १८६ किलो. म्हणजे किलोला २९० रुपये पडले. मार्केट यार्डातून आणलेली भाजी यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे, आणि स्वस्त भाजीसाठी कोणी हे काम करू नये. मात्र ५४ हजारांपैकी जवळजवळ २० हजार निव्वळ चुकांचे आहेत: राडारोडा, मुरूम, जळालेली रोपे, ठिबकाची पहिली जोडणी.

११ पैकी सात कुटुंबे टिकली आहेत. तिघांनी बाहेर पडताना वर्गणी परत मागितली, ती दिली नाही. एकाने मागितली नाही.

शिल्लक कामे दोन. चौथ्या वाफ्यातली मुरमाड माती अजून चाळून बदलायची आहे. आणि येत्या २१ डिसेंबरला, २१ मार्चला आणि २१ जूनला दुपारी साडेबाराला इमारतीची सावली जिथे संपते तिथे आवारात लाल रंगाने रेघ मारायची आहे. सहाव्या मजल्यावरच्या मुलाने त्यासाठी रंगाचा डबा आणूनही ठेवला आहे. डिसेंबरची रेघ कुंपणाच्या पलीकडे, शेजारच्या सोसायटीत पडेल, तेव्हा त्यांना आधी विचारावे लागेल.